पी५३ वाढलेलं असूनही कॅन्सर कसा?

ऐरोलीहून एका आयटीतल्या मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मावशीच्या (वय ५८) ओव्हरीच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये 'हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा, डब्ल्यूटी१ पॉझिटिव्ह, पी५३ म्युटंट पॅटर्न – ओव्हरएक्स्प्रेशन' असं आलंय. पी५३ हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन आहे असं वाचलं. मग ते इतकं वाढलेलं असताना कॅन्सर झाला कसा? आई आणि मी पी५३ची टेस्ट करून घ्यावी का? शिवाय हळदीतल्या कर्क्युमिनने पी५३ वाढतं म्हणून नातेवाईक मागे लागलेत. ते मावशीला द्यावं का?"

घरात पेशंट असताना लांबण वाचायला कोणाला सवड नसते, म्हणून लहान उत्तरं आधी देते. जे पी५३ वाढलंय ते निकामी आहे, आणि निकामी आहे म्हणूनच साठलंय. तुम्हा दोघींना आत्ता पी५३ची टेस्ट नको; मावशींची बीआरसीए (डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांची) टेस्ट मात्र झालीच पाहिजे. कर्क्युमिनच्या गोळ्या केमो चालू असताना ऑन्कॉलॉजिस्टला न विचारता सुरू करू नका. आता सविस्तर. मी ठाण्यात हिस्टोपॅथॉलॉजी करते, म्हणजे गाठीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासते, असे रिपोर्ट लिहिणं हेच रोजचं काम आहे, आणि 'पी५३ वाढलं म्हणजे चांगलं की वाईट' हा प्रश्न कधीकधी रेसिडेंट डॉक्टरसुद्धा दबक्या आवाजात विचारतात.

त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण याच कोड्यात शास्त्रज्ञ दहा वर्षं अडकले होते. पी५३ सापडलं १९७९ मध्ये. कॅन्सरच्या पेशींत ते भरपूर दिसायचं, म्हणून ते कॅन्सर घडवणारंच असणार असं सगळे धरून चालले. प्रयोगशाळांमध्ये जे जनुक फिरत होतं तेही गाठीच्या पेशींतून काढलेलं, म्हणजे आधीच बिघडलेलं होतं. ते पेशींत घातलं की पेशी बेफाम वाढायच्या, आणि समज आणखी पक्का व्हायचा. निरोगी जनुक घालून पाहिल्यावर उलटं दिसलं, पेशींची वाढ थांबली. १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि आर्नल्ड लेव्हिन यांच्या गटांच्या कामातून हे नीट उलगडलं आणि पी५३ आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आलं. तुम्ही जे 'जनुकसंचाचा राखणदार' वगैरे वाचलंत, ते डेव्हिड लेन यांनी १९९२ मध्ये दिलेलं विशेषण.

निरोगी पेशीत पी५३ जवळजवळ दिसतच नाही. जनुक चालू असतं, प्रोटीन बनत असतं, पण बनलं की साधारण वीसेक मिनिटांत त्यातलं निम्मं नष्टही होतं. हे काम एमडीएम२ नावाचं दुसरं प्रोटीन करतं. ते पी५३ला चिकटतं, त्यावर 'मोडीत काढा' अशी रासायनिक खूण लावतं आणि पेशीतली मोडीची यंत्रणा त्याचे तुकडे करते. आता यातली गंमत बघा. एमडीएम२चं जनुक चालू करणाऱ्यांत खुद्द पी५३ असतं. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, पाणी चढलं की तेच पाणी चेंडू वर उचलतं आणि नळ बंद होतो, तसं पी५३ वाढलं की तेच स्वतःला खाली आणण्याची सोय करतं.

डीएनए तुटला की हा बंदोबस्त थोड्या वेळापुरता सैल होतो. एटीएम आणि एटीआर ही एन्झाइम्स तुटीची खबर पुढे देतात, पी५३ आणि एमडीएम२ या दोघांवर फॉस्फेट चिकटतात आणि दोघांची पकड सुटते. मग पी५३ साठतं, चार रेणूंची चौकडी करून डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि पुढची जनुकं चालू करतं. त्यातलं पी२१ पेशीचं विभाजन थांबवतं, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. दुरुस्ती हाताबाहेरची असेल तर प्यूमा, बॅक्स यांसारखी प्रोटीन्स पेशीला मरायला लावतात. काम झालं की एमडीएम२ पुन्हा ताबा घेतं.

म्हणजे पी५३ नुसतं 'असणं' पुरेसं नाही. ते केव्हा चढतं आणि केव्हा उतरतं यात सगळं आहे. १९९५ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. एमडीएम२चं जनुक काढून टाकलेले उंदरांचे गर्भ अगदी सुरुवातीलाच मरत. पण एमडीएम२च्या जोडीला पी५३ही काढून टाकलं, तर तेच उंदीर जन्मत आणि जगत. बेलगाम पी५३ गर्भालाच संपवत होतं. लगाम का हवा, हे याहून स्वच्छ मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

आता मावशींच्या गाठीकडे येऊ. हाय-ग्रेड सीरस हा ओव्हरीच्या कॅन्सरचा वेगाने वाढणारा प्रकार, आणि डब्ल्यूटी१ ही तो ओळखायची एक खूण. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये पी५३ बनवणारं टीपी५३ हे जनुक जवळजवळ प्रत्येक पेशंटमध्ये बिघडलेलं असतं, ९५ टक्क्यांहून जास्त. बहुतेक वेळा एकाच अक्षराचा बदल असतो आणि तो नेमका डीएनएला धरणाऱ्या भागात असतो. प्रोटीन पूर्ण लांबीचं बनतं, पण डीएनए धरता येत नाही, म्हणून पुढची जनुकं चालू होत नाहीत. पी२१ बनत नाही, प्यूमा बनत नाही, आणि बॉलकॉकही उचलला जात नाही. म्हणून ते साठत जातं. इतकंच नाही, चौकडीत बिघडलेले रेणू शिरले की चांगल्यांचंही काम लंगडं पडतं. पुढे गाठ सतराव्या क्रोमोसोमची निरोगी प्रतही बहुधा गमावून बसते, मग उरतं ते फक्त निकामी.

'एमडीएम२ बनत नाही म्हणून साठतं' हे पाठ्यपुस्तकी उत्तर मात्र अर्धंच आहे. जन्मतःच बिघडलेलं पी५३ असलेल्या उंदरांच्या निरोगी अवयवांत ते साठत नाही, गाठीत साठतं. म्हणजे कॅन्सर पेशीतला कायमचा ताण आणि बिघडलेल्या प्रोटीनला सांभाळून घेणारी मदतनीस प्रोटीन्स यांचाही त्यात हात आहे.

स्लाइडवर हे कसं दिसतं ते सांगते, म्हणजे रिपोर्टमधला शब्द डोळ्यांसमोर येईल. गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर पी५३ला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. जिथे पी५३ असेल तिथे तपकिरी रंग येतो, बाकीची केंद्रकं निळी राहतात. निरोगी पॅटर्नमध्ये केंद्रकांची सरमिसळ असते: एक गडद, शेजारचं फिकट, त्यापलीकडचं निळंच. प्रत्येक पेशी आपापल्या घडीला पी५३ चढवते-उतरवते आहे, त्याचा तो फोटो. मावशींच्या स्लाइडमध्ये गाठीचं जवळजवळ प्रत्येक केंद्रक सारखंच गडद तपकिरी असणार. तो एकसुरीपणाच बिघाडाची खूण आहे. रंग किती गडद यापेक्षा चढउतार उरली आहे का, हे मी आधी बघते.

याच्या उलट चित्रही तितकंच वाईट. काही गाठींत जनुक मध्येच तुटल्यामुळे प्रोटीन बनतच नाही आणि गाठीची सगळी केंद्रकं निळीशार दिसतात. याला 'नल पॅटर्न' म्हणतात. रिपोर्टमध्ये 'पी५३ निगेटिव्ह' एवढंच लिहिलं तर घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि म्हणून तसं लिहू नये असं माझं ठाम मत आहे. पण नल म्हणण्याआधी मधल्या निरोगी पेशी, रक्तवाहिन्यांच्या आणि लिम्फोसाइट्सच्या, थोड्याफार तपकिरी आल्यात का ते बघावंच लागतं. त्याही कोऱ्या असतील तर दोष गाठीचा नसून स्टेनिंगचा आहे. मागे एका नर्सिंग होममधून ओव्हरीचा नमुना फॉर्मलिनऐवजी (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाऐवजी) सलाइनमध्ये आला, तोही घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून संध्याकाळी उशिरा. त्यावर पी५३ काय, काहीच धड उठलं नाही. दहा टक्के फॉर्मलिन, नमुन्याच्या दसपट, आणि तेही लगेच. कुठल्याही महागड्या टेस्टच्या आधी हे हवं.

इथवर बिघाड जनुकातच होता. पण तुमचा प्रश्न वाचून मला मुख्यतः जे सांगावंसं वाटलं ते पुढे आहे: जनुकाचं अक्षरही न बदलता लगाम तुटू शकतो, आणि परिणाम तोच होतो.

पोटात खोलवर होणाऱ्या लायपोसार्कोमा या चरबीच्या गाठीत टीपी५३ बहुधा ठणठणीत असतं. बाराव्या क्रोमोसोमवरचं एमडीएम२चं जनुक मात्र कैक पटींनी वाढलेलं असतं. इतकं एमडीएम२ की पी५३ बनल्या बनल्या मोडीत जातं. साधी चरबीची गाठ की लायपोसार्कोमा, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरत नसेल तेव्हा आम्ही एमडीएम२च्या प्रतीच मोजायला पाठवतो.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हेच काम बाहेरचा पाहुणा करतो. एचपीव्ही विषाणूचं ई६ हे प्रोटीन पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी५३ मोडीत काढतं, आणि ई७ हे आरबी नावाच्या दुसऱ्या राखणदाराला निकामी करतं. आरबी म्हणजे ते रेटिनोब्लास्टोमाचं (लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचं) जनुक, ज्याच्यावरून आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये 'दोन्ही प्रती गेल्या तरच गाठ' हा सिद्धांत मांडला. इथे तर दोन्ही प्रती शाबूत असूनही प्रोटीन बाद. आणि तुमच्या कोड्याचा जुळा भाऊ इथेच भेटतो. अशा बायोप्सीत पी१६ हे प्रोटीन भरगच्च दिसतं. पी१६सुद्धा कॅन्सर रोखणारंच! पण त्याला आवरून धरणाऱ्यांत आरबी असतं. आरबी गेलं की पी१६ सुटतं, आणि ज्या कडीवर ते ब्रेक लावतं तिच्या पुढची कडीच तुटलेली असल्यामुळे त्याचा उपयोग शून्य. म्हणून 'पी१६ ब्लॉक पॉझिटिव्ह' वाचून आम्ही एचपीव्हीचा अंदाज बांधतो. (घरात शाळकरी मुली असतील तर एचपीव्हीच्या लसीचं मनावर घ्या. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते आहे.)

तिसरी तऱ्हा सगळ्यांत चोरटी. जनुकाच्या सुरुवातीला जो चालू-बंद करण्याचा भाग असतो, त्याला प्रोमोटर म्हणतात. त्यावर मिथाइल गट चिकटले की जनुक गप्प बसतं. अक्षरं सगळी बरोबर, पण वाचणारा कोणी नाही. मावशींच्या प्रकारच्या गाठींपैकी साधारण दहा टक्क्यांत बीआरसीए१ असं मुकं झालेलं असतं. नेहमीचं सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचणारी टेस्ट, तिथे 'म्युटेशन नाही' असं सांगतं, आणि ते खोटंही नसतं. असं मुकेपण बहुतेक वेळा आईवडिलांकडून आलेलं नसतं. शिवाय ते सुटूही शकतं, उपचारांच्या माऱ्यात गाठ ते जनुक पुन्हा बोलतं करते आणि औषधाला दाद देईनाशी होते.

आणि एवढं सगळं होऊनही फक्त पी५३ गेलं म्हणून लगेच कॅन्सर होत नाही. मावशींच्या आजाराला ओव्हरीचा कॅन्सर म्हणतात खरं, पण बहुतेकदा त्याची सुरुवात फॅलोपियन ट्यूबच्या झालरीसारख्या टोकाला होते. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ट्यूब्समध्ये कधीकधी दहा-पंधरा पेशींची एक सलग रांग पी५३ने गडद रंगलेली सापडते. दिसायला अगदी निरोगी, विभाजनही नाही. तिला 'पी५३ सिग्नेचर' म्हणतात, आणि अशा बहुतेक रांगा आयुष्यभर तशाच पडून राहतात. पुढचे बिघाड साचले, विशेषतः डीएनए दुरुस्तीची बीआरसीएची वाट बंद पडली, तर त्यातली एखादी पुढे सरकते. पी५३ नसल्याने तुटका डीएनए घेऊनही पेशी विभागत राहते आणि क्रोमोसोम्सची पार दैना होते.

आता हळद. भाजीआमटीतल्या हळदीला माझी ना नाही. कर्क्युमिनच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी. काचेच्या डिशमधल्या पेशींवर कर्क्युमिनने पी५३ वाढल्याचे प्रयोग आहेत, पण ते आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. ते जास्त शोषलं जावं म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरीन घालतात, आणि पायपरीन लिव्हरच्या त्या एन्झाइम्सच्या कामात लुडबुड करतं, ज्यांच्यावर पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाचा निचरा अवलंबून असतो. हळदीच्या सप्लिमेंट्समुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. आणि मूळ मुद्दा असा की मावशींच्या गाठीत पी५३ची टंचाई नाहीये. तिथे निकामी पी५३चा पूर आहे, त्यात आणखी भर घालून काय होणार?

निरोगी माणसाने तरी पी५३ वाढवावं का? २००२ मध्ये उंदरांवरचे दोन वेगवेगळे प्रयोग प्रसिद्ध झाले. एका गटाच्या उंदरांत पी५३ गरजेपेक्षा जास्त सक्रिय होतं; त्यांना कॅन्सर कमी झाला, पण ते लवकर म्हातारे झाले, हाडं ठिसूळ झाली, आयुष्य घटलं. दुसऱ्या गटात पी५३ची एक जादा प्रत घातली होती, पण तिच्या नेहमीच्या चालू-बंद भागासकट. त्यांना कॅन्सर कमी झाला आणि म्हातारपणही वेळेवरच आलं. पहिल्यांचं पी५३ लगामाबाहेर होतं, दुसऱ्यांचं लगामात. हत्तीकडे या जनुकाच्या वीस प्रती आहेत, त्याही त्याच्या शरीराच्या शिस्तीत चालतात. एमडीएम२ला अडवणारी औषधं माणसांवर तपासली जात आहेत, पण तीही निरोगी पी५३ असलेल्या गाठींसाठी, आणि त्यात प्लेटलेट्स घसरतात. कारण उघड आहे, अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशींचाही लगाम त्याच वेळी सुटतो.

टेस्टचं. मावशींच्या गाठीतला पी५३चा बिघाड हा जवळजवळ नक्कीच त्या गाठीपुरता आहे. तो त्यांच्या रक्तात नाही, तुमच्या आईकडे नाही, तुमच्याकडे नाही. जन्मतः टीपी५३ बिघडलेली कुटुंबं असतात, त्याला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात, पण तिथे लहान वयात सार्कोमा (हाडांचा, स्नायूंचा वगैरे कॅन्सर), मेंदूच्या किंवा किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठी, तिशीच्या आतबाहेर स्तनाचा कॅन्सर असा इतिहास असतो. तुमच्याकडे तसं काही असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. नसेल तर या टेस्टच्या मागे लागू नका.

बीआरसीएचं मात्र तसं नाही. या प्रकारच्या कॅन्सरच्या पेशंट्सपैकी १५ ते २० टक्के जणींत बीआरसीए१ किंवा बीआरसीए२चा बिघाड जन्मतः असतो. म्हणून वय किंवा घरातला इतिहास न बघता प्रत्येकीची टेस्ट करावी असा आज सर्वमान्य सल्ला आहे. टेस्ट आधी मावशींची, रक्तावर किंवा लाळेवर. ती पॉझिटिव्ह आली तर केमोनंतर ओलापॅरिबसारखं औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं, म्हणजे फायदा पहिल्यांदा त्यांनाच. मग आईची. मावशींमध्ये जो बदल सापडला तोच आईमध्ये असण्याची शक्यता निम्मी, आणि तेवढाच एक बदल शोधायचा असल्याने टेस्ट स्वस्तात होते. आईची निगेटिव्ह आली तर हा बदल तुमच्यापर्यंत पोचलेला नाही. पॉझिटिव्ह आली तर मग तुमची पाळी, आणि त्यापुढे ट्यूब व ओव्हरी काढून टाकण्याचा विचार बीआरसीए१मध्ये ३५ ते ४० आणि बीआरसीए२मध्ये ४० ते ४५ या वयात करतात, मुलं झाल्यावर. तो निर्णय जेनेटिक कौन्सेलरसमोर बसूनच घ्यायचा. टाटामध्ये अनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळं क्लिनिक आहे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. मावशींच्या गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) ज्या लॅबमध्ये आहे तिथे तो जपून ठेवायला सांगा. रक्तात काही नाही निघालं तर ऑन्कॉलॉजिस्ट गाठीवरची टेस्ट मागतील, आणि तेव्हा ब्लॉकच लागतो, नुसता रिपोर्ट चालत नाही. आणि बीआरसीएच्या रिपोर्टवर 'व्हीयूएस' असं आलं, म्हणजे बदल सापडलाय पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही, तर त्याच्या जोरावर आईची किंवा तुमची टेस्ट करू नका आणि कोणी ऑपरेशन सुचवलं तर आधी दुसरं मत घ्या. असे बदल पुढे बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतात, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी लॅबला एक फोन करून विचारायचं.